टर्बोनाना

नानांच्या गाडीत चढायला काही लागत नाही. उतरायला मात्र धीर लागतो.

गाडी दारात येऊन उभी राहते. हँडब्रेक लागतो. आपण दाराच्या खटक्याला हात घालतो आणि नाना, मान न वळवता, एक बोट वर करतात. "एक मिनिट." इंजिन चालूच असतं. नाना डोळे मिटून घेतात. या मिनिटात कोणी बोलायचं नसतं. ऑकलंडच्या गणपतीला एकदा आम्ही आरतीच्या ठोक्याला पोचलो होतो. हॉलच्या काचेतून तबक दिसत होतं, टाळ ऐकू येत होते, आणि एकवीस मोदकांचा डबा वहिनींच्या मांडीवर होता. म्हणजे बाप्पा आत आणि नैवेद्य बाहेर. नानांचं बोट वर. आम्ही आत शिरलो तेव्हा मंत्रपुष्पांजली संपत आली होती आणि कोणीतरी नाइलाजानं बाप्पापुढे केळं ठेवलं होतं.

"बाप्पा समजून घेतो," नाना म्हणाले. "टर्बो नाही घेत."

टर्बो म्हणजे काय, हे नानांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी विचारलं नव्हतं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी फुकट जातो. टर्बोत त्याच धुरावर एक चाक फिरवतात आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. "पण तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, लेका. लाखाच्या! आणि टेकलेला कशावर? ऑइलच्या पापुद्र्यावर. बाजूनं जाणारा धूर आठशे-नऊशे अंश तापलेला. आता तू भरधाव आलास आणि फटदिशी चावी फिरवलीस, तर काय होईल?"

"काय होईल?"

"इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद. आत जेवढं ऑइल राहिलं तेवढं जागच्या जागी करपलं. वहिनीच्या तव्याच्या कडेला बघ, जुन्या तेलाचं किटण धरलेलं असतं. ते घासणीनं निघतं. टर्बोत घासणी कुठनं घालणार?"

आता, या गाडीच्या टर्बोला पाण्यानं थंड ठेवायची सोय असते, आणि शेवटची पाच मिनिटं बेतानं चालवली तरी काम भागतं. हे मी नंतर कुठेतरी वाचलं आणि मोठ्या उत्साहानं नानांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टर्बोला सोय आहे. मला नाही."

नाना मूळचे कोल्हापूरचे. वडिलांचा उद्यमनगरात लेथ होता. नाना सांगतात की त्यांना पाळण्यात झोप यायची ती लेथच्या घरघरीनं, आणि लाइट गेली की ते रडत उठायचे. वडिलांची इस्टेट म्हणून त्यांच्याकडे एकच वस्तू आली: लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. डॉक्टरांच्या नळीसारखं आतलं सगळं ऐकू येतं. न्यूझीलंडच्या विमानात बसताना हा स्क्रूड्रायव्हर चेक-इन बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी होता. पुढे लोणचं संपलं, स्क्रूड्रायव्हर राहिला.

गाडी घेतली २००७ साली. सुबारू लेगसी, २००१ची, जपानहून आलेली. न्यूझीलंडमध्ये हे नेहमीचंच आहे. जपानात गाडीला तिसऱ्या वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी लागते, ती खर्चिक असते, आणि तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला करही जास्त. मग लोक धडधाकट गाड्या लिलावात काढतात आणि त्या जहाजानं इथे उतरतात, कारण दोन्ही देशांत स्टिअरिंग उजवीकडे. गाडीबरोबर लिलावाचा कागद येतो. गाडीची आकृती, कुठे ओरखडा, कुठे पोचा, शेवटी गुण. नानांनी तो फ्रेम करून घेतला. आजही तो दिवाणखान्यात लटकतो: गुण ४, अंतर ६२,००० किलोमीटर, मागच्या दारावर एक बारीक ओरखडा.

"लग्नाआधी माझी पत्रिका पाहिली नव्हती," वहिनी पाहुण्यांना तो कागद दाखवताना सांगतात. "हिची पाहिली."

खरं तर पत्रिकेचाच विषय होता. सुबारू म्हणजे जपानी भाषेत कृत्तिका. गाडीच्या नाकावरचे सहा तारे तेच. एक मोठा, पाच लहान. आणि नानांचं जन्मनक्षत्र कृत्तिका. विक्रेता भाव सांगायच्या आत व्यवहार ठरला होता.

इंजिनही साधं नाही. चार सिलिंडर उभे नसून आडवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पिस्टन एकमेकांकडे पाठ करून ठोसे मारतात. वजन खाली राहतं, म्हणून गाडी वळणावर रस्ता सोडत नाही. शिवाय टर्बो एक नव्हे, दोन. खालच्या वेगात पहिला काम करतो, वरच्या वेगात दुसरा येऊन मिळतो. आणि या दोघांच्या अदलाबदलीत, साधारण मधल्या पट्ट्यात, क्षणभर गाडीचा जोर ओसरतो.

"एकत्र कुटुंबातल्या दोन जावा आहेत," नाना समजावतात. "सकाळपासून थोरली राबते. दुपारी धाकटी म्हणते, आता मी बघते. थोरली पदर झटकून उठते, धाकटी अजून वेणी घालत असते. तेवढ्यात दूध उतू जातं." ही उपमा ते भर मोटरवेवर, ओव्हरटेक करताना, दूध उतू जात असतानाच देतात.

नानांच्या गाडीत रेडिओ लागत नाही. त्या काळच्या जपानी रेडिओची एफएम पट्टी ९० मेगाहर्ट्झला संपते आणि इथली बहुतेक स्टेशनं त्याच्या पुढे असतात. शंभरेक डॉलरच्या आत यावर इलाज मिळतो. नानांनी तो केला नाही. गाडीत आवाज एकच हवा, असं त्यांचं म्हणणं.

खरं तर आवाज दोन होते. चावी फिरवली की डॅशबोर्डातून एक जपानी बाई अत्यंत अदबीनं काहीतरी म्हणायची. "ईटीसी काडो गा सोन्यू सारेते इमासेन." दररोज. प्रत्येक वेळी. इतर लोक अशा गाडीची ती वायर पहिल्या आठवड्यात कापून टाकतात. नानांना ते अभद्र वाटलं. जपानी माणूस गाडीत बसणाऱ्याला शुभेच्छा देतो, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "आणि मधे 'सोन्यू' ऐकलंस का? सोन्या म्हणते मला. या वयात कोण म्हणतं?" मग ते किंचित मान झुकवून उत्तर द्यायचे, "हाय, हाय." जपानी 'हाय' म्हणजे हो आणि कोल्हापुरी 'हाय' म्हणजे आहे, दोन्हींत विशेष अंतर नाही, असं त्यांचं मत.

मुलीनं एकदा फोन पुढे केला होता, "बाबा, यात भाषांतर होतं, बघू या का?" नाना म्हणाले, "सगळ्याचाच अर्थ काढायचा नसतो."

नानांचे नियम थोडे आहेत, पण पोलादी आहेत. पहिला: ऑइल पाच हजार किलोमीटरला बदलायचं. पाच हजार एकला नाही. एकदा हॅमिल्टनहून येताना बॉम्बे हिल्सच्या चढावर आकडा भरत आला. (मुंबईचं बॉम्बे आपण पुसलं, पण ऑकलंडच्या दक्षिणेला ते हिरव्या पाटीवर अजून उभं आहे, एका जहाजाच्या नावावरून पडलेलं.) नाना त्या दिवशी घरी पोचेपर्यंत अस्वस्थ होते. बायकोला बाळंतपणासाठी घेऊन निघालेला माणूस ट्रॅफिकमध्ये अडकला की असतो, तसे.

दुसरा नियम: पेट्रोल ९८ ऑक्टेनचंच. जपानात या गाड्या १०० ऑक्टेनवर वाढलेल्या. हलकं पेट्रोल घातलं की ते ज्वाळा पोचायची वाट न बघता आपल्याच गरमीनं पेटतं, आतून ठोके बसतात, आणि पिस्टनवरच्या रिंगा बसायच्या खाचांच्या कडा तुटतात. "सुखात वाढलेल्या सुनेला आल्या दिवशी शिळं वाढायचं का?" नाना विचारतात. जवळचा पंप ९१ आणि ९५ ठेवतो. नाना त्याच्यासमोरून जाताना त्याच्याकडे बघत नाहीत.

तिसरा नियम सर्वांत जाचक: इंजिन गार असताना जोर द्यायचा नाही, आणि गरम झाल्याशिवाय बंद करायचं नाही. इंजिनाची झीज मुख्यतः गार सुरुवातीला होते. जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या तर ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचत जातं, ते उडून जाण्याइतकी गरमी येतच नाही. हे शास्त्र बरोबर आहे. फक्त भाजीचं दुकान नानांच्या घरापासून एक किलोमीटरवर आहे. वहिनींनी फोडणी टाकता टाकता कोथिंबीर आणायला सांगितली की नाना उत्तरेच्या मोटरवेवरून वीस किलोमीटरची प्रदक्षिणा घालतात आणि मग शेजारच्या दुकानात थांबतात. तिथेही एक मिनिट. वहिनी आता कोथिंबीर कुंडीत लावतात.

"चालत जा ना," मी एकदा म्हटलं.

"चालत?" नाना म्हणाले. "गुडघे झिजतात."

चौथी गोष्ट नियम नाही, व्रत आहे. दर वेळी काढलेल्या ऑइलचा एक नमुना ते प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात लोह किती, तांबं किती, शिसं किती, हे दशलक्षांश भागांत कळतं. लोह वाढलं तर कुठेतरी घर्षण आहे; तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग झिजताहेत. दिवाळीच्या फराळाला रिपोर्ट आला तेव्हा मंडळातले एक डॉक्टर चकली खात समोरच बसले होते.

"चौदावरनं बारावर आलं गं लोह!" नाना आनंदानं ओरडले.

"कमी होतंय?" डॉक्टर दचकले. "पालक सुरू करा. बीट खा. आणि चहा जेवणानंतर लगेच नको."

"अहो, आणखी उतरलं तर उत्तम."

डॉक्टरांनी चकली खाली ठेवली. वहिनींनी सविस्तर खुलासा केल्यावर त्यांनी नानांना विचारलं, तुमचं स्वतःचं रक्त शेवटचं कधी तपासलं? नानांनी विचार करून उत्तर दिलं, "माझं मायलेज कमी आहे."

या सगळ्यावर हसणाऱ्यांत मी आघाडीवर होतो. मग माझी पाळी आली. मीही एक टर्बोवाली गाडी घेतली होती. कोणाची, कुठून, ते सोडा. दोष ना बनवणाऱ्याचा, ना विकणाऱ्याचा. ऑइल बदलायचं मी बदलेन बदलेन म्हणत बावीस हजार किलोमीटर काढले. ऑइलचा दिवा एका वळणावर लागायचा आणि विझायचा. मला वाटलं, विझला म्हणजे बरा झाला. एका रविवारी त्याच बॉम्बे हिल्सच्या चढावर बोनेटखालून कोणीतरी दार ठोठावू लागलं. मी कडेला थांबून नानांना फोन केला आणि फोन बोनेटजवळ धरला.

"बंद कर," नाना म्हणाले. आवाज असा की मी आपोआप रस्त्यावर उभ्या उभ्या टोपी काढली.

अर्ध्या तासात आले. इंजिन पुन्हा सुरू करू दिलं नाही. ऑइलची काडी ओढून काढली; तिच्या टोकाला डांबर लागलेलं होतं, तेही अगदी टोकालाच. नानांनी ते दोन बोटांत चोळलं, बघितलं, मला दाखवलं, आणि रुमालाला पुसलं. मला वाटलं, आता शिव्या बसतील. नाना फक्त एवढंच म्हणाले, "किती दिवस सांगत असेल रे ती तुला."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला त्यांची आवडती गोष्ट सांगितली. १९८९ सालचा जानेवारी, अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना. सुबारूनं लेगसीच्या टर्बो गाड्या ट्रॅकवर सोडल्या आणि एक लाख किलोमीटर पळवल्या. ४४७ तास. सरासरी वेग ताशी २२३ किलोमीटर, तोही टायर, पेट्रोल आणि ड्रायव्हर बदलायला लागलेला वेळ धरून. जागतिक विक्रम झाला. पुढे १९९३ साली कॉलिन मॅकरेनं लेगसीलाच जागतिक रॅलीतला पहिला विजय मिळवून दिला, आणि तो इथेच, न्यूझीलंडमध्ये. "लोक म्हणतात टर्बो टिकत नाही," नाना म्हणाले. "एकोणीस दिवस ज्यानं दम काढला, ते इंजिन तुझ्या-माझ्या ऑफिसच्या वाटेवर मरतं. का? तिथे चोवीस तास माणसं कान लावून बसली होती. इथे तू गाणी ऐकतोस. टिकाऊपणा इंजिनात निम्माच असतो रे. उरलेला निम्मा कानात."

वहिनी पुढच्या सीटवर होत्या. "ऐका हो ऐका," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "हे कानाबद्दल बोलताहेत."

२०२२ साली न्यूझीलंडनं मातारिकीची सार्वजनिक सुट्टी पहिल्यांदा दिली. मातारिकी म्हणजे माओरी नववर्ष. ऐन थंडीत, पहाटेच्या वेळी ईशान्येला एक तारकापुंज पुन्हा दिसू लागतो, तेव्हा ते सुरू होतं. तो पुंज म्हणजे कृत्तिका. म्हणजेच सुबारू. नानांना हे कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जणू सरकारनं त्यांच्या गाडीचा वाढदिवस देशाला जाहीर केला आहे.

२४ जूनच्या पहाटे साडेचारला आम्ही ओरेवाच्या किनाऱ्याला निघालो: नाना, वहिनी, मी, आणि माझ्या ऑफिसातली एक जपानी मुलगी, जिला मी तारे दाखवायचं आमिष दाखवलं होतं. ओडोमीटरवर ३,४१,००० किलोमीटर. नानांनी चावी फिरवली. डॅशबोर्डातल्या बाई बोलल्या. नानांनी मान झुकवली. "हाय, हाय."

मागच्या सीटवरची मुलगी चमकली, पण पाहुणी म्हणून गप्प राहिली.

किनाऱ्यावर माणसं ब्लँकेटं पांघरून उभी होती. ढग सरकले आणि तो चिमुकला पुंजका दिसला. मुलगी म्हणाली, आमच्याकडे यात सहा तारे धरतात. वहिनी म्हणाल्या, आमच्याकडेही सहाच, कार्तिकेयाच्या सहा आया. शेजारच्या माओरी आजींनी सांगितलं, आम्ही नऊ मानतो, प्रत्येकाचं नाव वेगळं. नाना गाडीच्या नाकाकडे बघून आले आणि म्हणाले, "बाकीचे तीन कंपनीनं ऑप्शनल ठेवले असणार."

परत निघताना चावी फिरली आणि बाई पुन्हा बोलल्या. नानांचं "हाय, हाय" झालं. आता मात्र त्या मुलीला राहवलं नाही. हसू दाबत तिनं विचारलं, "तुम्ही रोज तिला 'हो हो' म्हणता?"

"पंधरा वर्षं," नाना अभिमानानं म्हणाले. "शुभेच्छा देते. घ्यायला नकोत?"

"ती शुभेच्छा देत नाही. टोलचं कार्ड आत घातलेलं नाही, असं सांगते."

आपल्याकडच्या फास्टॅगसारखी ती जपानी टोलची व्यवस्था. पंधरा वर्षांपूर्वी कोण्या जपानी माणसानं कार्ड काढून घेतलं, आणि तेव्हापासून ही बाई समुद्रापलीकडच्या देशात, जिथे त्या कार्डाचा टोलनाकाच नाही, तिथे रोज न चुकता आठवण करून देत होती.

गाडीत शांतता पसरली. इंजिन तेवढं गुरगुरत होतं.

"म्हणजे," वहिनी सावकाश म्हणाल्या, "पंधरा वर्षं एक बाई रोज नम्रपणे सांगत्ये, की काहीतरी राहिलंय हो. आणि हे 'हाय हाय' म्हणून गिअर टाकताहेत. मला आपलं वाटायचं, हे माझ्याच बाबतीत होतं."

मी आणि ती मुलगी खिडकीबाहेर बघू लागलो. नाना मात्र डगमगले नाहीत. मोटरवेला लागेपर्यंत त्यांनी विचार केला आणि मग तत्त्व सांगितलं.

"त्यात वाईट काय गं? बोलते आहे ना? यंत्राचं असंच असतं. कुरकुरतंय तोवर काळजी नाही. गप्प झालं, की समजायचं, आत काहीतरी गेलं."

वहिनी गप्प झाल्या.

पहिली पाच मिनिटं नानांच्या ते लक्षात आलं नाही. मग त्यांनी कान टवकारले. हार्बर ब्रिजवर ते म्हणाले, "उजाडलं बघ." उत्तर नाही. "हीटर वाढवू?" नाही. थोरल्या जावेकडून धाकटीकडे काम गेलं, दूध उतू गेलं, नानांनी ते सांगितलंसुद्धा नाही. शंभर पावलांवरून दुसऱ्याच्या गाडीचा सैल टॅपेट ओळखणारा माणूस डावीकडच्या सीटवरून कसलाही आवाज येतो का, हे ऐकत चालला होता. मुलीला तिच्या घरी सोडलं. तिथलं एक मिनिट फार लांबलं.

नानांचं घर आलं. गाडी पुरती थांबायच्या आत वहिनींनी दार उघडलं होतं. नानांचं बोट सवयीनं वर निघालं आणि छातीपाशीच अडलं. वहिनी अंगण ओलांडून पायरीवर पोचल्या. नानांनी एकदा तिकडे बघितलं, एकदा मीटरकडे, आणि फटदिशी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"अगं, काय होतंय?" म्हणत ते धावले. हा प्रश्न, या आवाजात, मी त्यांच्या तोंडून आजवर फक्त उघड्या बोनेटपुढे ऐकला होता.

दार लागलं. बोनेटखालून तापलेलं लोखंड आकसल्याचा आवाज येऊ लागला: टिक्, टिक्, टिक्. मी मागच्या सीटवर एक मिनिट तसाच बसून राहिलो. कोणीतरी बसायला हवं होतं.